दोन तारे देणाऱ्या सरांना: आमच्या दूरस्थ फ्रेंच वर्गाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी त्यातलं म्हणणं थोडक्यात सांगते. सहा महिने घरबसल्या फ्रेंच शिकून ए-वन ही पहिली पायरी झाली, तरी व्हिडिओ कॉलवर फ्रान्सचा ग्राहक बोलायला लागला की एक अक्षर कळत नाही. मॅडम मराठीतून व्याकरण समजावायचं सोडून आवाजाची रेकॉर्डिंग मागतात आणि तीन-तीनदा परत पाठवतात. परीक्षेला पुण्यालाच जावं लागतं. चाळिशीनंतर हे जमत नाही हे आधीच सांगायला हवं होतं, फी परत करा. तुमची हजेरी, गुण वगैरे मी इथे चारचौघांत मांडणार नाही. टॉवेलच्या निर्यातीत आहात हे तुम्हीच लिहिलंय, तेवढं धरून बोलते.

आधी ए-वनचं. या पायऱ्या आम्ही सोलापुरात बसून पाडलेल्या नाहीत. युरोपच्या परिषदेने २००१ साली त्या ठरवून दिल्या. ए-वन म्हणजे काय, तर समोरचा सावकाश, स्पष्ट बोलत असेल आणि मदत करायला तयार असेल, तर साधं बोलणं जमणं. तुमचा ग्राहक माल उशिरा पोचला म्हणून फोन करतो, तेव्हा यातली एकही अट पाळत नाही. ए-वनला साधारण ८० ते १०० तास धरतात. कामाच्या कॉलवर जेमतेम तग धरायला बी-वन ही तिसरी पायरी लागते आणि तिला जवळजवळ चौपट तास. नोंदणीच्या वेळी देतो त्या पत्रकात हे पहिल्याच पानावर आहे.

आता कळत का नाही, ते. फ्रेंच डोळ्यांनी शिकली की कानाला फसवते. 'मी बोलतो', 'तू बोलतोस', 'ते बोलतात' यांतली क्रियापदं लिहिताना तीन वेगवेगळी, पण कानावर तिन्ही वेळा नुसतं 'पार्ल' पडतं. 'मित्र' हा शब्द 'आमी', पण अनेकवचनात आधीचा 'ले' त्याला येऊन चिकटतो आणि ऐकू येतं 'लेझामी'. पुस्तकात 'मला माहीत नाही' हे 'झ न से पा', बोलताना त्याचं होतं 'शे पा'. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? पुस्तकात 'काय करायला लागला आहेस', आणि सोलापुरातल्या सात रस्ता चौकात 'काय करलालास बे'. पुस्तकी मराठी शिकून आलेल्या परदेशी माणसाने हे ऐकून काय समजायचं?

म्हणूनच रेकॉर्डिंग. आपल्या डॉ. कोटणीसांनी १९३८ साली चीनला गेल्यावर तिथली भाषा आत्मसात केली, पण त्यांच्या अवतीभवती रात्रंदिवस चिनीच बोलणारी माणसं होती. होटगी रोडला तुमच्याशी कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारे हवे तेवढे भेटतील, फ्रेंच बोलणारं कोण भेटणार? दूरस्थ शिक्षणात ही पोकळी भरायला माझ्याकडे एकच साधन आहे: तुम्ही बोलायचं, मी ऐकायचं, चुकलेली जागा सेकंदासकट दाखवून परत पाठवायचं. फ्रेंचमधल्या 'u' या अक्षरासाठी ओठांचा चंबू करून 'ई' म्हणायचं असतं, हे कागदावर कितीही समजावलं तरी उच्चार ऐकल्याशिवाय बरोबर आलाय की नाही कळत नाही. जो शब्द स्वतःच्या तोंडून नीट निघत नाही तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना निसटतो, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे रेकॉर्डिंग परत येणं थांबणार नाही. ज्यांना फक्त फिती बघून शिकायचंय त्यांनी आमच्याकडे येऊ नये, हे मी नवीन चौकशी करणाऱ्यांनाही सांगते.

मराठीतून व्याकरण सुरुवातीच्या धड्यांत शिकवतो. पुढे मुद्दाम कमी करतो, कारण मोठी माणसं मराठीचं लिंग तसंच फ्रेंचला लावतात. तुमच्याच धंद्यातलं बघा. आपला टॉवेल 'तो', त्यांची 'ला सेर्व्हिएत' मात्र 'ती'. पलंगावरची चादर आपली 'ती', त्यांचा 'ल द्रा' मात्र 'तो'. आणि नपुंसकलिंग तिथे नाहीच.

वयाचं मला पटत नाही. शाळकरी मुलाचा उच्चार लवकर बसतो, खरंय. पण चाळिशीतल्या माणसाला आपल्याला नेमकं काय बोलायचंय ते माहीत असतं, आणि ते अर्धं काम असतं. अडतो तो वेळ, आणि चारचौघांत चुकायची लाज.

पुण्याचं म्हणाल तर हो, आमचे विद्यार्थी डेल्फ ही फ्रेंचची प्रमाणपत्र परीक्षा तिथल्या आलियाँस फ्रान्सेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत देतात. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची आणि जायचं. ही परीक्षा घरून देता येत नाही. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ गुण. एकूण ५० हवेत आणि कुठल्याही भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. म्हणजे ऐकण्याकडे काणाडोळा करून नुसत्या लेखी अभ्यासावर भागत नाही. तोंडी परीक्षेत शेवटी खरेदी-विक्रीचा प्रसंग असतो, चित्रातल्या नोटा-नाण्यांनी पैसे चुकते करायचे. व्यापारी माणूस तिथे सहसा खुलतो! बाकी खरं सांगू? तुमच्या कामाला प्रमाणपत्राची गरजच नाही. ते नोकरी-शिक्षणाला जाणाऱ्यांसाठी.

फी पहिल्या दोन आठवड्यांनंतर परत करत नाही. तो नियम सगळ्यांना सारखा, तुम्हालाही.

मात्र एक करता येईल. पुढची पायरी लगेच घेऊ नका. त्याऐवजी रविवारी सकाळी आमचा फक्त बोलण्याचा तास असतो, त्याला महिनाभर बसा. जुन्या विद्यार्थ्यांकडून आम्ही त्याचे पैसे घेत नाही. सुरुवात आकड्यांपासून करू, कारण भाव ठरवताना माणूस तिथेच गडबडतो: त्यांचे सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-सात. आपल्या आज्या 'चार इसा' म्हणायच्या, तसंच. त्यानंतर डझन, वजन, तारखा आणि 'कृपया पुन्हा, सावकाश सांगाल का' हे वाक्य. पुढच्या कॉलला ते पहिल्याच मिनिटात वापरा. ग्राहकाचा वेग बहुतेक वेळा आपोआप उतरतो.

आकड्यांच्या ध्वनिफिती आज रात्री तुमच्या व्हॉट्सअॅपवर पाठवते. येणार असाल तर शनिवारपर्यंत कळवा, म्हणजे जोडीला तुमच्याच पायरीचं कुणी बसवता येईल.