तो पाचोळा तिथेच राहू द्या

ऊन तापायला लागलं की इंदूरच्या मराठी घरांमधून एक संदेश फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला: कॉलनीच्या ग्रुपवर, आतेभावाकडून आणि भजनी मंडळातल्या काकूंकडून. मजकूर थोडक्यात असा: 'झाडांच्या बुंध्याशी पालापाचोळा ठेवू नका. त्याने वाळवी लागते. कुजताना तो मातीतला नत्र खातो. खोड सडतं. पावसाचं पाणी मुळांपर्यंत जात नाही. पाचोळा उचला, जागा स्वच्छ ठेवा, जमलं तर भोवती पक्का ओटला बांधा.' आणि शेवटी 'सर्वांना पाठवा'.

सर्वांनी पाठवला. आठवड्याभरात आमच्या बगीच्यातल्या चार करंजांखालची जमीन झाडून चकाचक झाली आणि चैत्रात पडलेला सगळा पाला गोण्यांत भरून गेटबाहेर गेला. संदेश पाठवणारी माणसं झाडांवर माया करणारीच आहेत, म्हणून तर हे लिहायला बसले. एकेक मुद्दा घेऊ.

वाळवीपासून सुरुवात करते, कारण सगळे घाबरतात ते तिलाच. वाळवी पाचोळ्यातून जन्मत नाही. ती जमिनीत आधीपासून असते आणि तिचं अन्न म्हणजे सुकलेलं लाकूड, वाळलेला पाला, सालीचा वरचा मेलेला थर. खोडावर मातीचा जो लेप चढलेला दिसतो, त्याच्या आड बहुतेक वेळा ती हा मेलेला थरच खात असते. जमीन उघडी आणि कोरडी केली की तिला खायला उरतं काय? ते झाडच. आणि तहानलेलं, अशक्त रोप तिच्यापुढे सगळ्यात आधी हार मानतं. एक गोष्ट मात्र खरी आहे. घराच्या भिंतीला लागून ओलसर पाचोळ्याचा ढीग ठेवू नये, कारण तिथून ती चौकटींकडे वळू शकते. झाड भिंतीलगत असेल तर त्या बाजूला पाला घालू नका, बाकी तिन्ही बाजूंना घाला.

नत्राचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि अर्धं सत्य लवकर पटतं. कोरड्या पाल्यात कर्ब भरपूर आणि नत्र थोडा असतो. तो कुजवणारे जीवाणू आणि बुरशी आपली गरज भागवायला आजूबाजूचा नत्र घेतात, हे बरोबर. पण लाकडाचा भुसा किंवा पाला मातीत कालवला तर ही ओढ मुळांशी लागते. वर नुसता पसरला तर ती पाला आणि माती जिथे टेकतात तेवढ्या पातळ थरापुरती राहते. वीतभर खाली असलेल्या मुळांना ती जाणवत नाही, आणि कुजणं पुढे सरकलं की तोच नत्र मातीला परत मिळतो. भाजीच्या वाफ्यात नुकतं बी पेरलं असेल तर जपावं. दहा वर्षांच्या करंजाला त्याची काळजी नाही.

हे इंदूरकरांना कुणी बाहेरून येऊन सांगावं लागू नये. 1924 साली ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथे आले, होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर संशोधन संस्था उभी राहिली आणि तिथे सहकारी यशवंत वाड यांच्यासोबत त्यांनी शेतातल्या काडीकचऱ्यापासून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. 1931 मध्ये दोघांच्या नावाने ती छापून आली आणि जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली गेली. कपाशीच्या कडक पळाट्या, म्हणजे वाळलेली खोडं, लवकर कुजत नाहीत म्हणून ते त्या आधी शेतातल्या वाटेवर पसरत, बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडल्या जात, मग शेण, राख आणि गोठ्यातल्या मुताने भिजलेल्या मातीबरोबर ढिगात जात. 1935 मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले, तेव्हा तेही ही पद्धत बघायला त्या संस्थेत गेले होते. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. ज्या गावाच्या नावाने जगाने काडीकचऱ्याचं खत केलं, त्या गावात पाला गोणीत भरून बाहेर काढतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच हॉवर्ड यांनी त्याआधी बिहारमध्ये पुसा इथे फळझाडांची मुळं खणून पाहिली होती आणि झाडाखाली गवत वाढू दिलं तर झाडाचं काय होतं, ते 1925 मध्ये लिहिलं होतं. गवतामुळे झाडं खंगतात. आपल्याकडे बगीच्यात लॉन थेट बुंध्यापर्यंत नेण्याची हौस आहे. तिथलं गवत काढून पाला पसरला, तर पाण्यातला आणि खतातला एक वाटेकरी कमी होतो.

खोड सडतं, या म्हणण्याला मात्र मी मान देते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या माहेरच्या घरासमोर एक कचनार होतं. प्रेमापोटी आम्ही दर वर्षी त्याच्या बुंध्याशी पाला, गवत, शेणखत रचत गेलो. गुडघ्याएवढा डोंगर झाला. तिसऱ्या पावसाळ्यात साल मऊ पडली, बोटाने दाबली तर पाणी यायचं. चौथ्या वर्षी झाड गेलं. खोडाची साल हवेत राहण्यासाठी असते, मुळांसारखी ओल्यात राहण्यासाठी नसते. तिच्यावर महिनोन् महिने ओल टेकली की बुरशी शिरते, आणि ढिगात फुटलेली नवी मुळं कधी कधी खोडालाच वेढा घालून त्याचा गळा आवळतात. पण दोष पाल्याचा नव्हता, तो कुठे आणि किती ठेवला याचा होता. खोड जमिनीत शिरताना जिथे रुंद होतं, तो भाग उघडा दिसला पाहिजे. तिथून वीतभर जागा मोकळी सोडा, मग पाला पसरायला लागा, तीन-चार इंच जाडीचा, फांद्यांच्या सावलीपर्यंत नेता आला तर फारच छान. थर मध्ये खोलगट आणि कडेला उंच हवा, उलटा नको.

पाण्याचं म्हणणं तर मालव्याच्या मातीत नेमकं उलटं आहे. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात उघड्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून खालची ओल उडून जाते आणि बारीक मुळं ताणून तुटतात. शेतकऱ्यांत म्हण आहे, 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी': वरची माती भुसभुशीत करून भेगा बुजवल्या की पाण्याची निम्मी पाळी वाचते. पाल्याचा थर हेच काम करतो, शिवाय ऊनही अडवतो. मग पाऊस येतो. इंदूरला वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. उघड्या काळ्या मातीवर पहिल्या दोन-चार जोरदार सरी कोसळल्या की वरचा थर लिंपल्यासारखा बंद होतो आणि पाणी नालीकडे धावतं. पाल्यावर थेंबाचा मार बसत नाही, पाणी रेंगाळतं आणि मुरतं.

अडचण येते ती दोन ठिकाणी. देशी बदामासारखी मोठी पानं ओली होऊन एकावर एक चिकटली तर खरंच ताडपत्रीसारखी होतात, म्हणून ती चुरडून किंवा बारीक काड्यांत मिसळून घालावीत. आणि झड लागून आळ्यात पाणी साचत असेल तर पाला बाजूला ओढून थर अर्धा करावा, पाऊस उघडला की पुन्हा सारावा. हे पाच मिनिटांचं काम आहे.

साप-विंचवांचं मला काहींनी तोंडी सांगितलं. तीन इंचांच्या थरात साप घर करत नाही, पडून राहिलेल्या विटांच्या ढिगात करतो. आणि पाला जाळून टाकण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित अधिकरणाने 2016 मध्ये देशभर बंदी घातली आहे आणि दंड 5,000 रुपयांपासून सुरू होतो.

राहिला ओटला. खोडाला पाला टेकू नये म्हणणारा संदेश शेवटच्या ओळीत त्याच खोडाभोवती भिंत उभारायला सांगतो. त्या भिंतीच्या आत आपण भरतो काय? मुरूम आणि माती, फूट-दीड फूट उंच, आणि वर फरशी. म्हणजे पाल्याने जे होईल अशी भीती, ते आपण कायमचं करून ठेवतो, खोड गाडून टाकतो. झाडाची अन्न-पाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड फुटात असतात. त्यांना हवा लागते. दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश हरित अधिकरणाला 2013 मध्ये द्यावा लागला, तो याच घुसमटीमुळे.

आणि स्वच्छतेचं म्हणाल, तर 2017 मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर देशात पहिलं आलं तेव्हा मीही पेढे वाटले. ओला-सुका वेगळा करायला आपण घराघरात शिकलो. प्लास्टिक, काच, उष्टं हे कचरागाडीत जावं. पान झाडाखाली पडलं तर ते त्याच्या जागी पडलेलं असतं. 14 जुलै 2024 ला इंदूरच्याच रेवती रेंज भागात एका दिवसात 11 लाखांहून जास्त रोपं लागली, त्याचं कौतुक मलाही आहे. पण रोपाचा कस पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत लागतो, आणि तेव्हा त्याच्या आळ्यावर पाला आहे की उघडी भेगाळलेली माती, याने फार फरक पडतो.

परवा मी रहवासी संघाच्या सचिवांना घेऊन करंजांखाली गेले. झाडलेल्या जागी खुरपं टेकवलं तर ते दगडावर आपटल्यासारखं वाजलं. मग कुंपणाच्या कोपऱ्यात गेलो. तिथल्या पाचव्या करंजाखाली झाडूवाल्या ताईंचा हात पोचला नव्हता. पाला बाजूला केला, खाली माती काळीभोर, गार, बोटांना ओल लागली. सचिवांनी ती मूठभर उचलून हुंगली. गेटबाहेरच्या नऊ गोण्या अजून तिथेच होत्या. रविवारी सकाळी सात वाजता आम्ही त्या परत आत आणून ओतणार आहोत. येताना खुरपं आणा.