कीबोर्ड शिजायला ठेवलाय

टोपात काय रटरटतंय, हे विचारायचा हक्क कोकणात अख्ख्या वाडीला असतो. तेव्हा खिडकीतून डोकावणाऱ्या काकींना 'कीबोर्ड' असं सरळ तोंडाने सांगायची हिंमत नसेल, तर घरी कीकॅप, म्हणजे कीबोर्डच्या बटणांच्या प्लॅस्टिकच्या टोप्या, रंगवायच्या भानगडीत पडू नये. 'तिरफळा घातलंस काय त्यात?' हा पुढचा प्रश्न ठरलेला आहे. नाही घातली. यात मीठही घालायचं नाही, ते का हे पुढे येईलच.

हा उद्योग करायचा कशाला, याचं माझ्याकडे एक भारदस्त उत्तर आहे: इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड-मांडणी. मराठी टंकणाऱ्याला बटणावरच्या ए-बी-सी-डीचा काडीचा उपयोग नसतो. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला (तळाची ओळ वगळा, तिथे डावीकडेही म, न, व घुसलेत). कोरी पांढरी बटणं घेऊन डावीकडची एका रंगात आणि उजवीकडची दुसऱ्या रंगात काढली, की मांडणी नजरेतच बसते. हे उत्तर घरच्यांना पटत नाही, पण ऐकायला बरं वाटतं.

आता प्लॅस्टिक. कीकॅप मुख्यतः दोन जातींच्या, एबीएस आणि पीबीटी. पीबीटी म्हणजे पॉलिब्युटिलीन टेरेफ्थॅलेट, पॉलिएस्टर साडीच्या गोत्रातलंच. बाजारातली कपडे रंगवायची साधी पुडी सुती कपड्यासाठी असते. ती यावर तासभर उकळा, प्लॅस्टिक ढिम्म. तो रंग पाण्यात विरघळणारा आणि पीबीटीला पाण्याचं वावडं. इथे लागतो डिस्पर्स डाय, सुरतेच्या गिरण्यांत पॉलिएस्टरला लावतात तो. हा पाण्यात जेमतेम विरघळतो, बारीक कणांनी तरंगत राहतो. उष्णतेने प्लॅस्टिकच्या साखळ्या सैलावल्या की त्याचे रेणू आत शिरतात आणि गार झाल्यावर तिथेच अडकतात. ज्या प्लॅस्टिकच्या डब्यातून बांगड्याचं कालवण एकदाच नेलं आणि जो जन्मभराचा पिवळा झाला, त्याचं रहस्य हेच: हळदीतलं कर्क्युमिनही पाण्याला नाक मुरडणारं, तेलात रमणारं आणि प्लॅस्टिकमध्ये मुरणारं. म्हणजे अर्धं शास्त्र घरच्या मांडणीवर आधीपासून आहे. फक्त हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून कीबोर्डला ती नको.

रंगवण्याआधी जात तपासणं अटळ. विक्रेत्याच्या 'हंड्रेड पर्सेंट पीबीटी' या शब्दावर जाऊ नये. कापसाच्या बोळ्याला अ‍ॅसिटोन लावून बटणाच्या आतल्या बाजूला टेकवा. एबीएस चिकट होऊन विरघळायला लागतं, पीबीटीला काही होत नाही. दुसरी परीक्षा मिठाच्या पाण्याची. पीबीटीची घनता १.३ च्या वर, एबीएसची साधारण १.०५, त्यामुळे साध्या पाण्यात दोन्ही बुडतात. इतका समुद्र दाराशी असताना मीठ कशाला, असं वाटेल. पण समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ च्या आसपास, त्यातही दोन्ही बुडतात. बटणं घेऊन किनाऱ्यावर जाण्यात अर्थ नाही, लोक बघतात ते वेगळंच. २०० मिली पाण्यात ३५ ग्रॅम मीठ नीट विरघळवलं की एबीएस वर येतं, पीबीटी तळ गाठतं. बटण सोडताना पोकळ बाजू वर ठेवा आणि बोटाने बुडबुडा काढा, नाहीतर पोटात हवा घेऊन पीबीटीही तरंगतं आणि आपण उगाच विक्रेत्याला शिव्या देतो.

या परीक्षेला स्पेसबार वेगळा बसवा. पीबीटी साच्यातून निघून थंड होताना बऱ्यापैकी आकसतं आणि लांब तुकडा वाकतो. म्हणून बाकी सगळी पीबीटी असलेल्या संचातही स्पेसबार कधीकधी एबीएसचा देतात. एबीएस १०० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. टोपातून निघालेला स्पेसबार पेंगणाऱ्या कुत्र्यासारखा दोन्ही टोकांनी खाली पसरला, तर तो सरळ होत नाही. एबीएसचा असेल तर त्याला मूळच्या रंगातच राहू द्यावं आणि 'डिझाइन आहे' म्हणून सांगावं.

बटणं उपटण्याआधी कीबोर्डचा फोटो काढा. प्रत्येक ओळीचा उतार वेगळा असतो, आणि कोरी बटणं एकदा मिसळली की ओळ लावता लावता जीव जातो. मग भांडी घासायच्या साबणाने धुऊन काढा. बोटांचं खोबरेल जिथे राहील तिथे डाग उमटतो. फणसाच्या दिवसांत हातमोजे घालूनच हात लावावा. चीक लागलेल्या बटणावर रंग चढत नाही, चीकही निघत नाही.

पाणी शक्यतो गोडं घ्या. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी नको. सुती रंगाला मीठ लागतं, डिस्पर्सला ते बाधतं, कण एकमेकांना धरून गुठळ्या होतात. कोकमाचं आगळ घालायची सूचना घरातून हमखास येते, कारण आंबटपणा लागतो हे आपणच बोलून बसलेलो असतो. आगळात मीठ असतं. ३ लिटर पाण्याला चमचाभर पांढरं व्हिनेगर पुरे. आयडाय पॉली या तयार डिस्पर्स रंगाची १४ ग्रॅमची पुडी मिळाली तर एका संचाला रग्गड होते. सुटी पूड असेल तर आधी कोमट पाण्यात कालवून लगदा करा, थेंबभर भांड्यांचा साबण घाला, जुन्या मलमलीतून गाळा आणि मग टोपात ओता. पूड थेट उकळत्या पाण्यात टाकली की गोळे होतात आणि बटणांवर ठिपके पडतात. पुडी पडवीत तर मुळीच उघडू नये. समुद्राकडून एक झुळूक आली की पूड कुठे गेली ते दिसत नाही. दिसतं ते नंतर, दांडीवरच्या ओल्या पांढऱ्या धोतरावर. तोंडाला मास्क, हाताला मोजे. टोप, पळी आणि झारा तिघांचीही स्वयंपाकातून कायमची सुट्टी.

खरी मेख तापमानात आहे. गिरणीत हे काम दाबाखाली १३० अंशांवर होतं. आपल्याला उकळत्या पाण्यावर भागवायचं आहे. इथे मात्र कोकणाची सरशी: समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरला साधारण ९५ लाच. ते चार-पाच अंश या कामात मोलाचे. घाटावरच्यांनी गडद निळ्याची हाव धरू नये. यावर कोणीतरी 'मग कुकरात लावा, तीन शिट्ट्या' म्हणतंच. लावू नका. कुकरात ढवळता येत नाही, शिट्टीच्या भोकात गुठळी अडकली तर जिवाशी खेळ, आणि त्या कुकरातला भात पुढे कोणी खाणार नाही.

रटरट मंद ठेवा, ९५ च्या खाली जाऊ देऊ नका आणि ढवळणं थांबवू नका. बटणं एकमेकांत टोपीवर टोपी अशी बसतात. आतलं पांढरं राहतं, बाहेरचं रंगतं. बुडबुडा धरून तरंगणाऱ्याचं डोकं रंगतं, पोट कोरं. इंडक्शनवर काम असेल तर मध्येच लाईट जाते, पाणी निवतं, आणि अर्धवट रंगाला अंदाज लागत नाही. गॅसच बरा. दर ५ मिनिटांनी एक बटण काढून, धुऊन, पुसून बघायचं. ओलं असताना रंग गडद वाटतो. हे नमुन्याचं बटण म्हणून स्क्रोल लॉक घ्यावं. त्याचा याहून चांगला उपयोग माझ्या तरी ऐकिवात नाही. १० मिनिटांत फिका रंग, अर्ध्या तासात मध्यम, गडदाला तासभर. काळा सगळ्यांत लबाड. तो अनेक रंगांचं मिश्रण असतो, त्यातला प्रत्येक रंग आपल्या गतीने शिरतो, म्हणून घाई केली की तपकिरी नाहीतर जांभळट काहीतरी हाती येतं. पिवळट बटणांवर निळा चढवला तर हिरव्याकडे झुकतो. आणि गडदावरून फिक्याकडे परत येता येत नाही.

मनासारखा रंग आला की बटणं थेट गार पाण्यात टाकू नका. आधी गरम साबणाच्या पाण्यात, मग कोमट, मग पाणी स्वच्छ निघेपर्यंत. वाळवायचं दुखणं आषाढात कळतं. बटणाच्या पोटातला अधिकचिन्हाचा खाचा पाणी धरून बसतो, वरून कोरडं, आतून ओलं. तसंच स्विचवर बसवलं तर ते पाणी थेट स्विचमध्ये उतरतं. बटणं उपडी घालून, झटकून, पंख्याखाली दोन दिवस ठेवा. चुलीच्या कडेला ठेवायचा मोह नको, रंगाबरोबर धुराचा वास फुकट मिळतो.

उरलेलं पाणी विहिरीच्या कडेला किंवा पोफळीच्या आळ्यात ओतू नये. पण त्यात रंग भरपूर शिल्लक असतो, म्हणून घरातली जुनी पॉलिएस्टरची ओढणी, परकर असं काहीबाही त्यात बुडवलं जातंच. बुडवण्याआधी शिवण बघा. दोरा सुती असेल तर परकर झकास निळा होतो आणि टाका न टाका पांढराफटक राहतो.