दुधाखाली लाकूड

"वाजवता येत नाय, तर घेतलंस कशाला?"

विरारहून आलेल्या लोकलच्या लगेज डब्यात रिकाम्या पाटीशेजारी पाय पसरून बसलेल्या कोळणीने मला हे विचारलं, तेव्हा गाडी नायगाव सोडत होती. गोरेगाव येईपर्यंत काहीतरी उत्तर सुचेल असं वाटलं होतं. त्याला आता चार महिने झाले.

रविवार होता, जम्बोब्लॉक होता, आणि मी वसईहून साडेतीन हजारांना एक जुनी बेस गिटार घेऊन निघालो होतो. बेस म्हणजे गिटारची थोरली बहीण. तारा चारच, पण दोरखंडासारख्या, आणि उंची जवळजवळ चार फूट. साध्या डब्यात मी दोनदा चढलो आणि दोन्ही वेळा पब्लिकने मला अलगद खाली उतरवलं. विकणारा कॉलेजातला पोरगा होता. "अंकल, थोडा हम है, बाकी मक्खन," असं त्याने आधीच सांगितलं होतं. मला वाटलं, पोराचं हिंदी कच्चं आहे. घरी येऊन छोट्या अ‍ॅम्पला वायर जोडली तेव्हा कळलं, की 'हम' हा शब्द हिंदी नव्हता.

घूंऽऽऽ.

"पंप कोणी लावला रे?" आईने देवघरातून विचारलं.

बेसच का, हे मला बऱ्याच जणांनी विचारलंय. माझा हिशेब सरळ होता. वय सेहेचाळीस. साध्या गिटारला सहा तारा, बेसला चार. म्हणजे एकतृतीयांश अभ्यास कमी. शिवाय बेस कोणाला ऐकू येत नाही, त्यामुळे चुकलं तरी बोभाटा नाही. बायकोने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पेन काढलं आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाच्या चौकटीत, 'दूध १ लि.' याच्या खाली लिहिलं : 'लाकूड ३५००.'

तर, घूं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. बेसच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पट्टीत, म्हणजे फ्रेटमध्ये, बोट दाबलं, की जो 'जी' हा सूर वाजतो तो ४९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४९ हेलकाव्यांचा. थोडक्यात, माझ्या घरातला फ्रिज, ट्यूबलाइट, शेजाऱ्यांचा मिक्सर आणि बिल्डिंगची लिफ्ट असे सगळे मिळून एक किंचित चढा जी दिवसरात्र गात असतात, आणि माझ्या गिटारीतल्या पिकअप तो भक्तिभावाने ऐकून अ‍ॅम्पला कळवत होत्या. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. समोर स्टीलची तार हलतेय की शेजारी चटणी वाटली जातेय, हे तिला कळत नाही. मी तारांवर तळवा ठेवला की घूं बरीच कमी व्हायची. काढला की पुन्हा सुरू.

"अंगावर हात ठेवला की गप्प बसतंय," बायको म्हणाली. "आपला लहानपणी असाच होता."

मी तिला लिओ फेंडरची गोष्ट सांगितली. ज्याची बेस गिटार १९५१ साली बाजारात आली आणि जगभर चालली, तो कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९६० साली त्याने दोन पिकअपची जॅझ बेस काढली. माझी बेस त्याच मॉडेलची स्वस्तातली नक्कल. पण मुद्दा पुढचा आहे : लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! "वाजवता येणं म्हणजे सगळं नसतं," मी म्हणालो.

"हो, पण त्याला दुरुस्त करता येत होतं," ती म्हणाली.

हे वाक्य लागलं. दुसऱ्या शनिवारी मी लॅमिंग्टन रोडला गेलो.

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं, तरी सोल्डरचा वास येतो तो लॅमिंग्टन रोडलाच. ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही, म्हणून गोरेगावपासून स्लोने प्रत्येक स्टेशन बघत जायचं. यूट्यूबवरून यादी करून नेली होती : २५० के ची तीन पोटं. 'पोट' म्हणजे पोटेन्शिओमीटर, आवाजाचं बटण ज्यावर बसतं तो भाग. तसं बघितलं तर माझं स्वतःचं एक होतंच. त्यात ए आणि बी असे दोन प्रकार येतात. आपल्या कानाला आवाजाची वाढ पटीत कळते, म्हणून आवाजासाठी ए घ्यायचं. बी सरळ रेषेत वाढतं.

"ए नहीं है. बी लो," दुकानदार म्हणाला.

"ए पाहिजे."

"ए कोई माँगता नहीं. बी मतलब बढ़िया."

मागे सहा माणसं उभी होती, सगळ्यांना काय हवंय ते नक्की माहीत होतं. मी बी घेतली. घरी लावल्यावर बटण शून्यावरून तिळभर हललं की आवाज भसकन अंगावर यायचा आणि पुढे कितीही पिळा, फरक शून्य. पुढच्या शनिवारी पुन्हा स्लो. यावेळी पलीकडच्या गल्लीत ए मिळाली. टोनसाठी कॅपॅसिटर हवा होता, ज्यावर ४७३ लिहिलेलं असतं तो. ४७ वर तीन शून्यं, इतके पिकोफॅरड. किंमत दोन रुपये. दोन रुपयांची वस्तू एक मागायची मला लाज वाटली, म्हणून दहा घेतले. लागला एक. उरलेले नऊ हिरवे, चपटे दाणे हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवले. डबी रिकामी आहे असं समजणारा मी घरात एकटाच होतो. फोडणी पडायच्या आत आईला चष्मा सापडला, म्हणून आमटी वाचली.

यानंतर नट. गिटारीच्या मानेच्या टोकाला बोटाएवढी एक पट्टी असते, तिच्या खाचांतून तारा जातात. तिला नट म्हणतात. स्वस्त गिटारीत ती प्लॅस्टिकची असते. दर्दी लोक हाडाची बसवतात.

"नट बदलायचाय," मी जेवताना म्हणालो.

"कुठला?" आईने विचारलं. तिच्या नऊच्या मालिकेत नुकताच नायक बदलला होता आणि नवा तिला पसंत नव्हता.

तयार हाडाचा नट साडेतीनशे रुपयांना घरपोच मिळतो. पण तोवर मी अशा अवस्थेला पोचलो होतो, की विकत घेणं म्हणजे शरणागती. हाड म्हणजे हाड. मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभा राहिलो. दीड तासाने नंबर लागला.

"बोला साहेब."

"एक नळी द्या. चांगली सरळ बघून."

"बास? एकच? कशासाठी?"

"गिटारीसाठी."

"गटारीसाठीच तर सगळे आलेत," खाटीक म्हणाला, "पण एका नळीत कोणाचं भागलं नाही अजून."

तो श्रावणाआधीचा शेवटचा रविवार होता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. लाजेकाजेस्तव सोबत किलोभर मटण घेतलं. ते संपलं आणि हाड उरलं. त्यातली चरबी निघावी म्हणून ते पुन्हा पुन्हा उकळायचं असतं. हे उकळणं नेमकं श्रावणात गेलं. आई चार दिवस स्वयंपाकघरात नाकाला पदर लावून वावरली. मग मी कानस घेऊन बाल्कनीत बसलो. हाड घासताना दातांच्या दवाखान्यासारखा वास येतो. नळी दिसते सरळ, पण असते वाकडी आणि पातळ. दोन संध्याकाळी घासल्यावर तिच्यातून कशीबशी एक पट्टी निघाली. स्वतःच्या हाताने केलेली पहिली वस्तू! धुऊन खिडकीत वाळत ठेवली आणि फोटो काढायला मोबाइल आणायला आत गेलो.

कावळा घेऊन गेला.

"पितरांना पोचला तुझा नट," आई म्हणाली. श्रावणातलं तिचं ते पहिलं समाधानाचं वाक्य.

साडेतीनशेवाला नट दोन दिवसांत आला. कालनिर्णयात 'लाकूड ३५०' आणि त्यापुढे कंसात 'हाड' अशी नोंद आहे.

मान आणि धड यांचं जमत नव्हतं ते वेगळंच. ब्रिज, म्हणजे धडावरचा तारांचा टेकू, पार खाली बसवला तरी तारा बोटभर वर. अंधेरीत २०२४ साली गोखले पुलाची नवी बाजू उघडली तेव्हा ती शेजारच्या बर्फीवाला पुलाशी उंचीत जुळेना, शेवटी बर्फीवाला जॅक लावून उचलावा लागला, तोच प्रकार. माझ्याकडे जॅक नव्हता. मी मानेच्या खाचेत एका विमा एजंटाचं व्हिजिटिंग कार्ड कापून सरकवलं. मान हवी तशी कलली. त्या कार्डाचा दहा वर्षांतला हा पहिला उपयोग. तरीही दर पावसानंतर मान हलायचीच. चार तारा मिळून ती सत्तर-ऐंशी किलोच्या जोराने ओढत असतात, म्हणजे माझं वजन, आणि त्यात मुंबईची हवा. बाथरूमचं दार ज्या आठवड्यात फुगतं, त्याच आठवड्यात बेसची मानही वाकते. आत एक लोखंडी सळी असते, ती पाव फेरा पिळायची आणि एक दिवस थांबायचं. चपलांच्या रॅकबरोबर आलेली षटकोनी किल्ली तिला बरोब्बर बसली. रॅक मात्र अजून डगमगतो.

सोल्डरिंग मला जमतं असं माझं मत होतं. लाकडी बूड हवं म्हणून मी पोळपाट घेतला. याविषयी अधिक लिहीत नाही. डाग बरोब्बर मधोमध आहे आणि दर पोळीला दिसतो.

आता मुख्य काम. गिटारीच्या पोटातली सगळी पोकळी तांब्याच्या चिकटपट्टीने आतून मढवायची आणि ते तांबं ब्रिजला, तारांना आणि ग्राउंडला जोडायचं, म्हणजे बाहेरची बरीचशी घूं आत शिरत नाही. तुकडे एकमेकांना विजेने जोडलेले हवेत. मुलगा मल्टिमीटर घेऊन बसला, मी पट्ट्या कापत राहिलो. 'पीऽ' वाजलं की तो "पास" म्हणायचा. तीन रात्री. शेवटी आतून ती सत्यनारायणाच्या कलशासारखी दिसायला लागली, इतकी, की झाकण लावायचं जिवावर आलं. नव्या पिकअपही बसवल्या. तारा चढवल्या. घरातले सगळे जमले. मी अ‍ॅम्प लावला, आवाज पूर्ण वर केला.

काही नाही. फ्रिज आपला जी गातोय, पंखा फिरतोय, आणि अ‍ॅम्पमधून नुसती सुरेख, कोरी शांतता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"बिघडलं का परत?" आईने मायेने विचारलं.

"बाबा, आधी निदान आवाज तरी यायचा," मुलगा म्हणाला.

बायकोने एकूण केली : मूळ लाकूड ३५००, नंतरचा खर्च १४,०६०. आई म्हणाली, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणीत हे प्रमाण एकास तीन आहे. मी एकास चारच्याही पुढे गेलो होतो, पण ते बोलून दाखवण्याची वेळ नव्हती.

तोवर सोसायटीत बातमी पसरली होती. गणपतीत बेंजोवाली पोरं आली तेव्हा सेक्रेटरींनी मला पार्किंगमध्ये बोलावून घेतलं. बेंजोवाल्या पोराने माझी बेस हातात घेतली, कानाशी धरली, बटणं फिरवली. "एकदम क्लीन आहे काका. घूं अजिबात नाही. कोणी बनवली?"

"मी."

सत्तर माणसं ऐकत होती. आयुष्यात असा क्षण फार वेळा येत नाही.

"भारी! वाजवा काहीतरी."

चार महिन्यांत एक गोष्ट राहूनच गेली होती हे मला त्या क्षणी समजलं. मी खुर्चीवर बसलो, जाड तारेवर तिसऱ्या पट्टीत बोट ठेवलं आणि पाचही आरत्यांना जी वाजवला. झांजांपुढे तो कोणालाच ऐकू आला नाही. फक्त एका स्कूटरचा आरसा थरथरत होता. प्रसाद वाटताना आईने विचारलं, "तू कधी वाजवणार आहेस?"

मग त्या पोराने माझ्याकडून बेस मागून घेतली आणि बेंजोवाल्या जोडीदाराबरोबर दोन गाणी वाजवली. काय सांगू! पार्किंगमधले पत्रे हलले, लिफ्टमन बाहेर येऊन उभा राहिला, बायकोने माझ्याकडे बघून चक्क मान डोलावली. मला अभिमान वाटला आणि पोटात गोळाही आला, कारण आता ही वस्तू पूर्ण झाली होती. उद्यापासून रोज अर्धा तास बोटं झिजवण्याखेरीज हिच्यापाशी करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पोराने बेस परत दिली. "मस्त आहे काका. फक्त बाराव्या फ्रेटला थोडं बझ येतंय बघा. घासून घ्यावं लागेल."

"बझ?"

"थोडंच."

मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. त्या रात्री साडेदहाला तारा उतरवल्या, कानस काढली, जमिनीवर जुना पेपर अंथरला. बायकोने काही न बोलता पेन घेतलं, दुधाखाली 'लाकूड' असं लिहिलं आणि आकड्यापुरती जागा मोकळी ठेवली.