‘ऑन’ आणि ‘पीएम’च्या मधला परवा

सासवडकडच्या एका दूध संकलन केंद्राच्या नोंदी आमच्या हिंजवडीच्या कार्यालयातल्या डेटाबेसमध्ये राहतात, आणि त्या नोंदींचे जे काही बरेवाईट होईल त्याला गेल्या पावसाळ्यापासून मी जबाबदार आहे. एके सकाळी केंद्रचालकांचा फोन आला. “साहेब, दूध आम्ही सहाला घातलं आणि तुमच्या कागदावर साडेनऊ पडलेत. साडेनऊपर्यंत कॅनात राहिलं तर त्याचं दही होईल की!” दुधाच्या बाबतीत त्यांचे ज्ञान माझ्यापेक्षा निश्चितच अधिक असल्यामुळे मी वाद घातला नाही.

शोध घेतल्यावर कारण सापडले. नोंदीत वेळेपुढे ‘आयएसटी’ ही तीन रोमन अक्षरे येत होती. ही अक्षरे म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, याबद्दल पुण्यात जन्मलेल्या कोणाच्याही मनात शंका येण्याचे कारण नाही. परंतु आमचा डेटाबेस ज्या पोस्टग्रेस नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्यात मुळात जी संक्षेपांची यादी लागू असते, तिच्यात आयएसटीचा अर्थ इस्रायलची वेळ असा आहे. इस्रायलची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या दोन तास पुढे आणि आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे सासवडचे दूध रोज सकाळी सहा वाजता जेरुसलेमला पोचत होते आणि साडेतीन तास अंगावर घेऊन परत येत होते. भारतासाठी ‘इंडिया’ या नावाची वेगळी यादी सोबतच दिलेली असते, हे माहितीपुस्तिकेत स्वच्छ लिहिलेले आहे. ते मी वाचलेले नव्हते. सेटिंगमध्ये एक ओळ बदलली आणि दूध पुन्हा सहाला येऊ लागले.

मी इथेच थांबलो असतो, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. परंतु केंद्रचालक खूश झाले होते आणि खूश झालेला माणूस आणखी एखादे काम सांगतोच. तारखेच्या चौकटीत रोमन अक्षरांत ‘टुडे’, ‘यस्टरडे’ आणि ‘टुमॉरो’ लिहिलेले पोस्टग्रेसला कळते, हे त्यांच्या मुलाने हुडकून काढले होते. “तेवढं ‘परवा’ पण चालेल असं करा,” ते म्हणाले. आमच्या कंपनीकडे पोस्टग्रेसची स्वतःचे थोडे बदल केलेली प्रत आहे. त्यामुळे हे अशक्य आहे असे सांगण्याची सोय नव्हती, आणि मलाही ते काम मनातून आवडले होते.

तारीख आणि वेळ यांचा अर्थ लावणारी जी मुख्य फाइल आहे, ती सुमारे पाच हजार ओळींची आहे. तिच्यात ओळखीच्या शब्दांचे एक कोष्टक आहे. त्यात महिने आहेत, वार आहेत, मंगळवारचा ‘ट्यू’ आहे तसाच ‘ट्यूज’ही आहे, ‘अॅट’ आणि ‘ऑन’ हे शब्द केवळ दुर्लक्ष करण्यासाठी नोंदवलेले आहेत, जसे लग्नपत्रिकेवर काही नावे केवळ राग येऊ नये म्हणून छापतात. शब्द अक्षरक्रमानेच लावावे लागतात, कारण शोध घेताना यंत्र यादीचा मध्य गाठून अर्धी यादी बाजूला टाकत जाते. शिवाय प्रत्येक शब्दाची पहिली दहा अक्षरेच साठवली जातात. रोमन लिपीत गुढीपाडवा बरोबर दहा अक्षरांत बसतो आणि अक्षय्य तृतीया बसत नाही, हा शोध मी त्या दुपारी लावला. त्याचा अद्याप कोणाला उपयोग झालेला नाही. ‘परवा’ची जागा ‘ऑन’ आणि ‘पीएम’ यांच्यामध्ये निघाली. मी ओळ लिहिली, तिचे स्वल्पविराम वरच्या-खालच्या ओळींच्या स्वल्पविरामांखाली एकेक स्पेस देऊन आणले, आणि शाळेत समास आखल्यावर व्हायचे तसे समाधान मला झाले.

खरा प्रश्न पुढे होता. ‘काल’ आला की यंत्र आजच्या तारखेचा ज्युलियन दिनांक, म्हणजे दिवसांचा सलग क्रमांक, काढते आणि त्यातून एक वजा करते. ‘परवा’ आला की दोन वजा करायचे, की मिळवायचे?

कोथरूडला आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांनी सगळे आयुष्य छापखान्यात मुद्रितशोधनात घालवले आहे. त्यांचा जन्म १९४४ चा. युद्धाच्या काळात, १९४२ पासून १९४५ पर्यंत, देशातली घड्याळे एक तास पुढे केलेली होती, त्यामुळे त्यांची पत्रिका मांडणाऱ्या प्रत्येक ज्योतिष्याला आधी एक तास वजा करावा लागला आहे, आणि वेळेच्या बाबतीत कोणावरही विश्वास ठेवायचा नाही हे ते तेव्हापासून शिकले असावेत. मी त्यांना माझी अडचण सांगितली.

“परवा मागचा की पुढचा, हे क्रियापदावरून कळतं,” ते म्हणाले. “परवा गेलो. परवा जाईन. तुमच्या चौकटीत क्रियापद कुठं लिहायचं?”

“चौकटीत फक्त तारीख असते, काका.”

“मग तुमची चौकट अपुरी आहे. आणि तेरवाचं काय करणार आहात?”

तेरव्याचा विचार मी केलेला नव्हता. मुळात शिंपी जेव्हा “परवा या” म्हणतो तेव्हा भविष्यकाळ स्पष्ट असूनही दिवस दोनच मिळवायचे असतात असे नाही, हेही मला आठवले, परंतु ते मी काकांना सांगितले नाही. घरी येऊन मी कोडमध्ये, जिथे ‘काल’चा एक वजा होतो त्याच्या शेजारीच, एक कॉमेंट, म्हणजे फक्त माणसांनी वाचायची टीप, लिहिली आणि तिच्यात सुबक तक्ता काढला: एका रांगेत काल आणि वजा १, त्याखाली आज आणि ०, त्याखाली उद्या आणि अधिक १, आणि शेवटी परवापुढे वजा २ किंवा अधिक २, टीमलीडने ठरवावे. तक्त्यातली प्रत्येक रांग मोजून सरळ केली होती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात फाइल सेव्ह केली तेव्हा पडदा किंचित हलल्यासारखा वाटला. संध्याकाळचे साडेसात वाजले होते, कंपनीची बस सुटण्याच्या बेतात होती, आणि हिंजवडीतून ती बस चुकली तर घरी कोणत्या प्रहराला पोचू हे कोणत्याच डेटाबेसला सांगता आलेले नाही. मी न बघता कमिट केले, म्हणजे बदल नोंदवून टाकला, तो सर्वांच्या सामायिक शाखेत ढकलला आणि पळालो.

सकाळी टीमलीडने बोलावले. “तू एक शब्द घालणार होतास ना?” त्यांच्या पडद्यावर काढलेल्या लाल आणि घातलेल्या हिरव्या ओळी लागोपाठ वाहत होत्या. माझ्या एडिटरमध्ये दुसऱ्या एका कामासाठी बसवलेला फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप करणारा प्रोग्राम, चालू राहिला होता, आणि फाइल सेव्ह होताच त्याने आतल्या सगळ्या ओळींच्या सुरुवातीचे टॅब काढून तिथे दोन-दोन स्पेस घातल्या होत्या. एका अक्षराचाही अर्थ बदललेला नव्हता, आणि तरीही मी हजारो ओळी बदलल्या होत्या. माझा ‘परवा’ त्यात कुठेतरी होता. तो शोधायला आम्हां दोघांना दहा मिनिटे लागली.

“पीजीइंडेंट चालव,” त्या म्हणाल्या. पोस्टग्रेसच्या प्रकल्पाचा हा स्वतःचा फॉरमॅटर आहे. चार स्तंभांचा टॅब ही त्याची शिस्त, आणि कोडमधल्या डेटाप्रकारांची नावे त्याला एका यादीत आधी देऊन ठेवावी लागतात. यादीत नसलेल्या नावापुढचा तारा (*) तो गुणाकाराचे चिन्ह समजतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अंतर सोडतो. एवढा काटेकोर माणूस भेटल्याचा मला आनंदच झाला. तो चालवला आणि टॅब सगळे जागेवर आले. कोष्टकातले माझे स्वल्पविराम मात्र वरखाली झाले, कारण दोन शब्दांत एकच स्पेस पुरे असे त्याचे मत आहे. आणि माझा तक्ता? फाइलच्या पहिल्या स्तंभापासून सुरू होणारी कॉमेंट पीजीइंडेंट जशीच्या तशी ठेवतो. आत सरकवलेली कॉमेंट मात्र साधा मजकूर समजून सलग जुळवतो. तिच्या सुरुवातीला आणि शेवटी ओळीने डॅश मारले तरच तो तिला हात लावत नाही. माझे डॅश नव्हते. तक्त्याचे झाले होते असे: “काल वजा १ आज ० उद्या अधिक १ परवा वजा २ किंवा अधिक”, आणि ओळीची रुंदी संपल्यामुळे खालच्या ओळीत, “२ टीमलीडने ठरवावे.”

टीमलीडने ते मोठ्याने वाचले. मग त्यांनी विचारले, “दोन म्हणजे कोणते दोन?” आणि उत्तराची वाट न पाहता ‘परवा’ काढून टाकायला सांगितले. मी तो काढला. केंद्रचालकांना सांगितले की तारीख आकड्यांत लिहावी. ते “बरं” म्हणाले, आणि त्या ‘बरं’चा काळ कोणता होता हे मला कळले नाही.

आता हिशेब असा की, त्या फाइलमध्ये माझे एकही अक्षर उरलेले नाही, परंतु कोणती ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणारी ‘ब्लेम’ नावाची जी आज्ञा आहे, ती तिथल्या बहुतेक ओळींसमोर माझे नाव दाखवते. अशा केवळ मांडणीच्या कमिटांकडे दुर्लक्ष करण्याची सोय, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या सॉफ्टवेअरमध्ये, २०१९ पासून आहे, आणि माझ्या दोन्ही कमिटांचे क्रमांक मी त्या यादीत स्वहस्ते घातले आहेत. ती यादी प्रत्येकाने आपापल्या संगणकावर लागू करून घ्यावी लागते. ती कोणी करत नाही. त्यामुळे लीप वर्षाबद्दल, इसवी सनापूर्वीच्या तारखांबद्दल, अनंत काळाबद्दल, ज्याला जे अडेल ते तो मलाच विचारतो.

गेल्या आठवड्यात नव्याने रुजू झालेली एक मुलगी वही घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. कोष्टकात ‘ऑलबॉल्स’ असा एक शब्द आहे. वेळेतले सगळे आकडे शून्य, म्हणजे गोल, असल्यामुळे मध्यरात्रीच्या शून्य वेळेला ते नाव पडले आहे आणि पोस्टग्रेसला तो खरोखरच चालतो.

“सर,” तिने वहीकडे बघत, आवाज शक्य तितका खाली आणून विचारले, “हा शब्द तुम्ही का ठेवला?”