टेकडीवरचा आकडा

गाय, म्हैस आणि मोटार या तिघींविषयी मराठी माणूस एकच प्रश्न विचारतो: किती देते? गेल्या दसऱ्याला आमच्या दारात नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही आली. तिला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली, आणि चिरडलेल्या लिंबांचा रस फरशीवर वाळायच्या आत दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी पेढा तोंडात टाकत विचारले, "ॲव्हरेज किती देते?" गाडी तोवर शोरूमपासून घरापर्यंत साडेचार किलोमीटर चालली होती. तरीही मी ठामपणे "अठरा पूर्णांक सात" असे सांगितले, कारण माहितीपत्रकात तसे छापलेले होते आणि छापील आकड्यावर विश्वास ठेवणे हा बँकेतल्या तेहतीस वर्षांच्या नोकरीने मला जडलेला विकार आहे.

हा आकडा कोठून येतो याचा शोध आम्हा कोथरूडकरांना घ्यावा लागत नाही. मोटारींची चाचणी घेणारी, 1966 साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आमच्या मागच्या वेताळ टेकडीवरच आहे. इतकी की सकाळी फिरायला जाणारी निम्मी मंडळी टेकडीलाच एआरएआय टेकडी म्हणतात आणि वेताळाला आपल्या नावाची आठवण अधूनमधून करून द्यावी लागते. माझ्या माहितीपत्रकात 18.7 च्या खाली बारीक अक्षरांत याच संस्थेचे नाव होते. परसातली भाजी जशी घरच्यांना ताजी मिळते, तसा निदान हा आकडा तरी आपल्याला ताजा मिळेल, अशी माझी भाबडी समजूत होती. पहिली टाकी संपली तेव्हा भागाकाराचे उत्तर 11.2 आले.

बँकेत एका रुपयाचा फरक निघाला तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसून तो शोधत असू. इथे साडेसात किलोमीटर गायब होते, आणि तेही दर लिटरमागे.

म्हणून मी त्या चाचणीचा अभ्यास केला आणि माझा तिच्याविषयीचा आदर वाढला. गाडी एका बंद खोलीत रोलरवर उभी करतात. चाके फिरतात, गाडी जागची हलत नाही, समोरून मोठा पंखा तिला वारा घालतो. पडद्यावर वेगाची एक रेषा सरकत असते आणि बालवाडीतल्या मुलाने पाटीवरचा 'अ' गिरवावा तशी चालकाने ती रेषा गिरवायची असते. 195 सेकंदांचा शहरी फेरा चार वेळा, ज्यात वेग ताशी 50 च्या वर जात नाही. मग शहराबाहेरचा 400 सेकंदांचा एक भाग, ज्यात तो 90 पर्यंत पोहोचतो. असे एकूण 1,180 सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना वीस सेकंद कमी. एवढ्यात साधारण साडेदहा किलोमीटर होतात. पेट्रोल किती जळाले हे टाकीत डोकावून पाहत नाहीत; सायलेन्सरमधून बाहेर पडलेल्या वायूंतला कार्बन मोजून त्याचा हिशेब लावतात. एसी अर्थातच बंद. या सगळ्यात खोटे काहीही नाही. त्या खोलीत ती गाडी खरोखर तेवढे देते. फक्त त्या खोलीत कर्वे रस्त्यावरचा नळ स्टॉपचा सिग्नल नाही.

सिग्नलची सोय त्या चाचणीतही केलेली आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. प्रत्येक शहरी फेऱ्यात गाडी मिनिटभर नुसती उभी असते, म्हणजे चार फेऱ्यांत चार मिनिटे. देशाने मंजूर केलेला हा चार मिनिटांचा साठा मी संध्याकाळी साडेसहाला कर्वे पुतळ्यापासून निघून पौड फाट्याच्या अलीकडेच संपवतो. त्यापुढची प्रतीक्षा स्वखर्चाने असते, आणि एसी लावून उभे असलेले लहान इंजिनही तासाला पाऊण-एक लिटर पेट्रोल जागेवरच पिऊन टाकते.

शास्त्र समजले तरी हिशेब जुळला नव्हता. मी एक लांब वही आणली, तारीख, किलोमीटर, लिटर, दर आणि शेरा असे रकाने आखले आणि 'टाकी ते टाकी' पद्धतीने मोजणीला सुरुवात केली. पद्धत अशी की टाकी पूर्ण भरायची, गाडी चालवायची, पुन्हा पूर्ण भरायची आणि मधल्या किलोमीटरांना दुसऱ्या वेळच्या लिटरांनी भागायचे. कागदावर ही पद्धत तिसरीतल्या मुलाला जमेल. पंपावर मात्र एक मुलगा उभा असतो आणि त्याचा या देशातल्या दशांश चिन्हावर मुळीच विश्वास नसतो. टाकी भरताच नोझल पहिल्यांदा आपोआप बंद, म्हणजे 'कट', झाले की थांबायचे, हा या प्रयोगाचा आत्मा आहे, आणि नोझल कट झाल्याबरोबर तो मुलगा म्हणतो, "साहेब, राउंड फिगर करतो." 2,871 रुपयांचे 2,900 करण्यासाठी तो पाव लिटरहून अधिक पेट्रोल टाकीच्या गळ्याशी असे कोंबतो की जेवण झालेल्या पाहुण्याला आग्रहाची जिलेबीच वाढतो आहे. मी हात आडवा घालून "नको, 2,871 च राहू दे" असे ओरडलो तेव्हा त्याने माझ्याकडे कीव करत पाहिले आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

पुढे माझ्या अटी वाढत गेल्या. पंप तोच हवा, नोझल तेच हवे, कारण यंत्रागणिक कट होण्याची जागा थोडी बदलते. फरशीचा उतार बदलला की टाकीत मावणारे पेट्रोलही बदलते, म्हणून गाडी प्रत्येक वेळी त्याच जागी उभी हवी. आणि वेळ शक्यतो सकाळची हवी. बाकीची तीन नोझले रिकामी असताना हा गृहस्थ चौथ्याच्याच रांगेत का उभा राहतो, हे कोडे त्या पंपावर आजही सुटलेले नाही. चौथ्या महिन्यात तो मुलगा मला पाहताच इतरांना सांगू लागला, "त्यांना झिरो दाखवू नका, त्यांना कट दाखवा."

एवढे करून लागोपाठ पाच टाक्यांची सरासरी 11.4 आली. गाडीतला पडदा मात्र त्याच काळात 12.3 दाखवत होता. गाडीने स्वतःविषयी चांगले बोलावे हे स्वाभाविक आहे. जावईही सासऱ्यासमोर पगार थोडा वाढवूनच सांगतो.

सल्ल्यांना तोटा नव्हता. पहिल्या सर्व्हिसिंगनंतर वाढेल असे सगळ्यांनी सांगितले आणि पहिल्या सर्व्हिसिंगनंतर सगळ्यांनी दुसरीचे नाव घेतले. सर्व्हिस सेंटरमधल्या तरुणाने वही चाळली, सहानुभूतीने मान हलवली आणि "सर, तुमचा ड्रायव्हिंग पॅटर्न" असे तीन शब्द उच्चारून तो पुढच्या गाडीकडे गेला. मला ते लागले, पण त्याचे फारसे चुकलेही नव्हते. माझ्या निम्म्या फेऱ्या दोन-तीन किलोमीटरांच्या असतात. थंड इंजिनाला सुरुवातीला अधिक पेट्रोल लागते आणि ते पुरते तापायच्या आत मी भाजी घेऊन घरी परतलेला असतो.

मग मी पॅटर्न बदलायचे ठरवले. टायरमधली हवा दर रविवारी गाडी थंड असताना मोजून 33 वर ठेवली. डिकीतली छत्री, सतरंजी आणि गणपतीपासून पडून असलेला पाट बाहेर काढला. उताराला गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची स्कूटरच्या दिवसांतली सवयही मोडली, कारण आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की पेट्रोल आपोआप बंद होते. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन जिवंत ठेवायला ते लागत राहते आणि घाटात गाडीवरचा ताबा जातो तो वेगळाच. शेवटी मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, मी एसी बंद केला. पत्नी एसएनडीटी कॉलेजपर्यंत काही बोलली नाही. नळ स्टॉपच्या सिग्नलला तिने रुमाल कपाळावरून फिरवला आणि अत्यंत शांतपणे विचारले, "अहो, महिन्याला या आकड्यापायी आपले किती जातात?"

हा हिशेब माझ्याकडे तयार होता. महिन्याला 480 किलोमीटर, छापील आकड्याने 25.7 लिटर, प्रत्यक्षात 42.1 लिटर, फरक 16.4 लिटर, लिटरला 104 रुपये धरले तर सतराशे रुपये. "आणि तुम्ही दर रविवारी पहाटे बाह्यवळण रस्त्याने खेड शिवापूरपर्यंत नुसतेच जाऊन येता, सरासरी सुधारावी म्हणून," ती म्हणाली, "ते पेट्रोल कोणत्या खात्यात लिहिता?" त्या पन्नास किलोमीटरांना प्रत्येक खेपेस साडेतीनशे रुपये लागत. चार रविवारांचे चौदाशे झाले. मी एसी लावला.

त्याच महिन्यात वाळवा तालुक्यातल्या सासुरवाडीला जाण्याचा योग आला. मला हा न्याय मागण्याची शेवटची संधी वाटली. खंबाटकीचा चढ सोडला तर मी कोठेही घाई केली नाही. ताशी 80 वरून 100 वर गेले की वाऱ्याचा विरोध दीडपटीहून थोडा अधिक होतो, आणि ही गाडी तर उंच आणि समोरून कपाटासारखी, हे मला पाठ झाले होते. म्हणून मी 80 धरून चाललो आणि उसाच्या रिकाम्या ट्रॉलीही मला मागे टाकतील की काय, या चिंतेत पत्नी आरशात पाहत राहिली. उत्तर आले 16.1.

मेहुणे अंगणातच उभे होते. "दाजी, किती देती?" मी सांगितले. "आन पुस्तकात?" तेही सांगितले. ते मिशीत हसून म्हणाले, "मग आमचा वाटा वजा करा की! तुमच्या टाकीतला पाचवा हिस्सा आमचा हाय." त्यांचा ऊस ज्या कारखान्याला जातो तिथे इथेनॉलही होते, आणि पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलेच पेट्रोल मिळते. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्क्यांची तूट आली. ती पूर्णपणे मेहुण्यांच्या नावे टाकली तरी 18.7 चे साडेसतराच्या खाली फारसे काही होत नव्हते. नातेवाइकावर याहून मोठी रक्कम दाखवणे माझ्यातल्या बँकवाल्याला पटेना.

त्यांनी माझी वही शेवटच्या पानापर्यंत पाहिली आणि गोठ्यामागच्या ट्रॅक्टरकडे बोट दाखवले. "त्येला किलोमीटर कोण इचारतंय, दाजी? त्येचं सगळं तासावर असतंय. तासाला किती पितोय, एवढंच बघायचं." ट्रॅक्टरवर खरोखरच किलोमीटरांऐवजी तास मोजणारा आकडा होता.

परतल्यावर मी वहीत एक नवा रकाना आखला. महामार्गावर गाडी ताशी सरासरी 65 ने चालून लिटरला 16.1 देत होती, म्हणजे तासाला चार लिटर. शहरात ताशी सरासरी 14 ने रखडत 11.4 देत होती, म्हणजे तासाला सव्वा लिटरसुद्धा नाही. ज्या कर्वे रस्त्याच्या नावाने मी आठ महिने खडे फोडले, त्याच्याइतका काटकसरी रस्ता पुणे जिल्ह्यात दुसरा निघेना. आणि कोंडी जितकी जुनाट, तितका आकडा खाली येत होता. मेट्रोच्या खांबाशेजारी गाडी जिथे अजिबात हलत नाही, तिथे तर तो पाऊण लिटरवर आला.

दुसऱ्या दिवशी शेजारी जिन्यात भेटले. "काय, वाढले का ॲव्हरेज?"

"तासाला सव्वा लिटर," मी सांगितले आणि पुढे झालो.

संध्याकाळी त्यांच्या सौभाग्यवती आमच्याकडे विरजण मागायला आल्या, तेव्हा त्यांनी हिला हळूच विचारले, "तुम्ही जनरेटर घेतलात का हो?"