शुक्रावरच्या विंचवाचं बिऱ्हाड

‘रशियन यानाला शुक्रावर चालणारा जिवंत विंचू आणि सरकणारी अर्धगोल वस्तू दिसली, तिथल्या एका शास्त्रज्ञाने ते मान्यही केलं, नासाने फोटो दडपले, यान मिनिटभरात वितळलं आणि आता इस्रो तोच विंचू शोधायला निघालंय.’ हा मेसेज आत्याने घरच्या ग्रुपवर दोनदा टाकलाय. दुसऱ्यांदा खाली लिहिलंय, ‘नातवाच्या सायन्स प्रोजेक्टला उपयोगी.’ पोराच्या वहीत हे उतरणार असेल तर गप्प कसं बसायचं?

आधी विंचूच घेऊ. फोटो व्हेनेरा-१३चे आहेत. हे सोव्हिएत यान १ मार्च १९८२ रोजी शुक्रावर उतरलं. त्याचा कॅमेरा मोबाइलसारखा एका क्लिकमध्ये फोटो काढणारा नव्हता. आतला आरसा डुलत डुलत २५२ ठिपक्यांची एक उभी रेघ वाचायचा, मग जरा सरकून पुढची. अशा सुमारे १,००० रेघा झाल्या की एक चित्र, आणि त्याला १३-१४ मिनिटं. म्हणजे एका रेघेला साधारण ०.८ सेकंद. विंचू चाळीस रेघा रुंद धरला तरी तो उमटायला अर्धा मिनिट हवा. तेवढा वेळ तो लग्नाच्या फोटोतल्या नवरदेवासारखा ताठ बसला पाहिजे, नाहीतर नांग्या एकीकडे आणि शेपूट भलतीकडे. मग हा ‘चालणारा’ विंचू एवढा रेखीव कसा?

तर तो रेखीव नाहीच. यानाकडून आलेल्या संदेशात खरखर होती, आणि तिचे ठिपके चित्रभर विखुरलेले आहेत. तीन-चार चित्रं एकावर एक चढवून, कडा ठळक करून पाहिली की ठिपके जुळतात आणि डोळा त्यांना पाय लावतो. मूळ, न घासलेल्या चित्रात त्या जागी विंचू नाही. आणि थर्मामीटर? तिथे ४५७ अंश सेल्सियस आणि पृथ्वीच्या ८९ पट दाब. एवढ्या दाबाखालीही पाणी ३०० अंशांच्या आसपास उकळतं. पृथ्वीवरचा सगळ्यात चिवट सूक्ष्मजीव १२२ अंशांपर्यंत वाढतो, त्यापुढे नाही.

मेसेजमधली ‘सरकणारी अर्धगोल वस्तू’ तर कॅमेऱ्याचं झाकण आहे! यानाला दोन कॅमेरे होते, एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. उतरल्यावर दोन्हींची झाकणं उडून खाली पडली. एका फोटोत एक झाकण, दुसऱ्यात दुसरं. दोन्ही फोटो शेजारी ठेवून ‘बघा, सरकली’ म्हणणाऱ्याने यानाचा नकाशा पाहिलेला नाही. या झाकणांनी सोव्हिएत अभियंत्यांना आधीच पुरेसं रडवलं होतं. १९७५मध्ये व्हेनेरा-९ आणि १० या दोन्हींचं एकेक झाकण अडकून बसलं, त्यामुळे अर्धाच देखावा मिळाला. १९७८मध्ये ११ आणि १२चं एकही झाकण निघालं नाही, फोटो शून्य. १९८२मध्ये १३ आणि १४ची नव्या रचनेची चारही झाकणं सुटली, तर व्हेनेरा-१४चं एक झाकण नेमकं जमिनीचा कठीणपणा मोजणाऱ्या दांड्याखाली जाऊन पडलं. दांड्याने शुक्राऐवजी झाकणाचाच कठीणपणा मोजला.

शास्त्रज्ञाचं मात्र खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. मॉस्कोच्या अंतराळ संशोधन संस्थेतले लिओनिद क्सानफोमालिती यांनी २०१२मध्ये एका रशियन खगोल नियतकालिकात हा दावा खरंच छापला. माणूस ऐरागैरा नव्हता, या मोहिमेतलं एक उपकरण त्यांच्याकडेच होतं. पण नियतकालिकात छापून आलं म्हणून विंचू जिवंत होत नाही.

वितळलं म्हणे! ३२ मिनिटांसाठी बांधलेलं यान १२७ मिनिटं बोलत राहिलं. टायटॅनियमचा गोल, भोवती उष्णतारोधक थर, उतरण्याआधी आतला भाग उणे १० अंशांपर्यंत गार केलेला. शिवाय आत लिथियम नायट्रेट ट्रायहायड्रेट नावाचा क्षार, जो ३० अंशांच्या आसपास वितळताना भरपूर उष्णता पिऊन टाकतं. वितळला तो हा क्षार, यान नव्हे. एवढ्या वेळात ड्रिलने जमिनीत ३ सेंटिमीटर उतरून घन सेंटिमीटरभर माती आत ओढली आणि ती बेसॉल्टच्या जातीची निघाली.

नासाने दडपायला फोटो नासाचे होते कुठे? सोव्हिएत संघाने ते तेव्हाच मिरवत छापले होते. इस्रोच्या मोहिमेला सप्टेंबर २०२४मध्ये १,२३६ कोटी मंजूर झाले आहेत, पण ते यान शुक्राभोवती फिरणार, उतरणार नाही. विंचू हुडकायचा असला तरी वरून दिसणार काय?

शुक्रावर जीव असेलच तर तो ढगांत, पन्नासेक किलोमीटर उंचीवर शोधायला हवा, हे गंभीर संशोधकही म्हणतात. तिथे तापमान आणि दाब आपल्यासारखे असले तरी ढग गंधकाम्लाचे आहेत. २०२०मध्ये तिथे फॉस्फिन, म्हणजे पृथ्वीवर जिवाणूंशी जोडला जाणारा एक वायू, सापडल्याचा दावा गाजला, पण फेरतपासणीत त्याचं प्रमाण बरंच खाली आलं आणि वाद अजून मिटलेला नाही. त्या ढगांत यंत्रं जाऊनही आली आहेत: १९८५मध्ये सोव्हिएत व्हेगा यानांनी सोडलेले दोन फुगे ५४ किलोमीटरवर सुमारे ४६ तास तरंगले होते.

आत्या, नातवाला प्रोजेक्टच करायचा असेल तर झेरॉक्सवाल्याकडे घेऊन जा. काचेवर प्लॅस्टिकचा विंचू ठेवायला सांग आणि स्कॅनरचा दिवा सरकत असताना हळूच ओढायला लाव. जे उमटेल ते वहीत चिकटव, शेजारी व्हेनेरा-१३चा फोटो लाव.