खरा वाघ आणि खोटा वाघ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कलेचं शिक्षण न घेतलेल्या चित्रकारांच्या वाघांवर मी लेख लिहिला, त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. तिच्यातलं एकच वाक्य मला टोचलं: "ज्यांनी जंगल पाहिलं नाही त्यांच्या वाकड्यातिकड्या वाघांवर भाळण्याआधी लेखकाने शरीररचनेचं एखादं पुस्तक उघडावं." मतभेद असू द्या. पण ओळखदेख नसताना कुणाला असं पोरासारखं कान धरून उभं करतात का?

एक चूक मान्य. फ्रेंच चित्रकार आँरी रूसोला मी लेखात सरसकट आउटसायडर, म्हणजे कलाजगताच्या पार बाहेरचा, म्हटलं. तो १८८६ पासून पॅरिसच्या प्रदर्शनात चित्रं लावत होता. त्याला नाईव्ह, म्हणजे शिक्षणाविना आपल्याच रीतीने रंगवणारा, म्हणणंच बरोबर. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता वाघ. चित्रकार अंतोनिओ लिगाबुए १८९९ मध्ये झुरिकला जन्मला. १९१९ मध्ये स्वित्झर्लंडने त्याला हाकललं आणि तो इटलीत, पो नदीकाठच्या ग्वाल्तिएरीला येऊन पडला. मजुरी केली, मनोरुग्णालयाच्या वाऱ्या केल्या. चित्र काढताना तो त्या जनावराचे आवाज काढायचा, अंगविक्षेप करायचा, असं त्याला पाहिलेल्यांनी सांगून ठेवलंय. त्याच्या वाघाचा जबडा मोजून चुकीचा ठरेलही. पण झेपेआधीचा तो ताण कुठल्या पुस्तकातून येणार होता?

मॉरिस हर्शफील्डचंही तेच. कपडे आणि सपाता बनवण्यात आयुष्य गेलं, पासष्टीच्या सुमारास ब्रश हातात घेतला. त्याचा १९४० चा वाघ न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. अंगावरचे केस टाके घालावेत तसे ओळीने बसवलेले. कापडात मुरलेल्या हाताने वाघ असाच पाहिला. त्याला मी चूक कशी म्हणू?

मी स्वतः अकरा वर्षं मनोरुग्णांसाठी चित्रांचा वर्ग घेतला आहे. एक बाई फक्त बिबटे काढायच्या. एकेक ठिपका पुरता भरल्याशिवाय जागच्या उठायच्या नाहीत. एकदा एक जाणकार पाहुणे आले आणि म्हणाले, "पाय बुटके झालेत हो." त्यानंतर दोन महिने त्या कागदाला शिवल्या नाहीत. तुमचं वाक्य वाचताना मला तोच आवाज ऐकू आला. म्हणून हे उत्तर एवढं लांबलं, आणि त्याबद्दल मी दिलगिरी व्यक्त करणार नाही.

बाजार, दलाल, 'वेडाचं उदात्तीकरण' हे तुमचे बाकीचे मुद्दे माझ्या लेखाचे विषयच नव्हते. त्यांत शिरत नाही.

आणि हो, तुमच्या सबंध मजकुरात एकाही चित्राचा उल्लेख नाही. पुढच्या वेळी निदान एक चित्र नीट पाहून लिहा, मग बोलू.